न आलेल्या पाळीचे चार दिवस

आत्या,

तुला लिहायला बसले आणि पहिलीच अडचण अशी की तुला वाचता येत नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेली होतीस, पण विशीपासूनच ज्या अक्षरावर नजर ठेवावी नेमकं तेच नाहीसं व्हायचं आणि आजूबाजूची ओळ तेवढी दिसायची. घरी कुणाचं पत्र आलं, लग्नपत्रिका आली, की मीच तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणजे हेही तुझ्यापर्यंत पोचवायचं तर तुझ्यासमोर बसून, माझ्या तोंडानं एकेक शब्द वाचावा लागला असता. तेवढं धाडस माझ्यात असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. तू जाऊन आता अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जे बोलले नाही ते आज लिहिते आहे, कारण माझ्या मुलीला तेच निघालं आहे जे तुला होतं. माझी मुलगी तू पाहिली नाहीस, सोळाची आहे. आणि तुझ्या वेळी मी जे केलं तेच तिच्या वेळीही करत आले, हे मला आता कबूल करायला हवं.

मुरुडचं आपलं घर आठवतंय ना, पुढं माझ्या बापूंचं किराणा दुकान, मागं दोन खोल्या, आणि त्याच्याही मागं न्हाणीजवळचा वट्टा. मी आठ-नऊ वर्षांची, तू नुकती विशीत आलेली. दर महिन्याला चार दिवस तू त्या वट्ट्यावर बसायचीस. एक घोंगडी, एक ताट, एक तांब्या. आजी येता-जाता जरा मोठ्यानंच म्हणायची, "शिवू नको गं तिला, बाजूला बसलीय ती," म्हणजे भिंतीपलीकडच्या काकूंनाही ऐकू जायचं. आपल्या लिंगायतात खरं तर हा विटाळ मानत नाहीत. मठाचे स्वामी घरी आले की सांगायचे, गळ्यात लिंग असलेल्या बाईला कसला आलाय विटाळ. आजी मान डोलवायची, पाया पडायची, आणि स्वामींची पाठ वळली की म्हणायची, "त्यांचं खरं हाय, पन आपल्याला ह्या गल्लीत ऱ्हायचंय." मला तर ते चार दिवस फार आवडायचे, कारण तुझ्यामागं काम नसायचं आणि तू माझ्याशी सागरगोटे खेळायचीस, मुद्दाम हरायचीस असं मला वाटायचं. मुद्दाम नव्हतं ते, तुझ्या हाताला गोटा झेलताच यायचा नाही, पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणखी एक गोष्ट तेव्हा खटकली नाही. बाजूला बसलेल्या बाईनं धान्याला हात लावायचा नसतो, आणि आजी मात्र दुकानातली तुरीची डाळ निवडायला बिनधास्त तुझ्यापुढं ओतायची. तू ती डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडायचीस, आणि खडा डोळसांपेक्षा आधी सापडायचा तुला.

अंगानं तू तेराचीच राहिलीस, पुढं वाढलीच नाहीस. चालताना पाय फाकवून टाकायचीस, रस्ता हलतोय आणि तू त्याला धरून आहेस असं. सकाळी लिंगपूजेला बसलीस की डावा हात थरथरायचा म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवायचीस, आणि तळहातावरच्या लिंगाकडं सरळ पाहिलं की ते दिसायचं नाही म्हणून मान वाकडी करून पाहायचीस. आजी ओरडायची, "देवाकडं तिरकं बघू ने." तू म्हणायचीस, "मग देवानं सरळ दिसावं की." घरात एवढं उलट बोलायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती.

मला पाळी आली तेव्हा मी तेराची होते. आई तिच्या माहेरी, नायगावला गेलेली. मी न्हाणीत रडत बसलेली, आणि तू भिंत चाचपत चाचपत आलीस. "रडायलीस कामून? चांगलंच झालं की माय." मग तू मला आत नेलंस, तुझी पत्र्याची पेटी उघडलीस आणि एक गाठोडं काढलंस. जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे, एकसारखे कापलेले, धुऊन घडी घातलेले, शंभर तरी असतील. एकाही घडीवर डाग नव्हता. "घे. लई हायेत माझ्यापाशी." मी विचारलं, मग तुला गं? "मला लागत न्हाईत." कधीच? "कधीच न्हाई." मला काही कळेना. मी म्हणाले, मग तू वट्ट्यावर कशाला बसतेस? तू हसायला लागलीस. "आराम मिळतोय की. चार दिवस चूल न्हाई, भांडी न्हाईत. तुझ्या आईला इचार, तिला तरी मिळतोय का." आणि मग हसणं थांबवून हळूच म्हणालीस, "तुझ्या आजीला वाटायलं अजून, कुनी बिजवर का हुईना, येईल मला बघायला. तिला वाटू दे."

असं ते मला कळलं. आजी कॅलेंडरवर खूण करून तुला बसवायची आणि खूण करून उठवायची, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायला घालायची, आणि तुझी सख्खी थोरली बहीण दिवाळीला माहेरी आली तरी तिच्याही डोळ्यांत धूळ जायची. हे माहीत असलेल्या घरात आजी, आई, तू आणि आता मी. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. पुढं कॉलेजात गेल्यावर त्याच गोष्टीची मला शिसारी यायला लागली. तुझी नाही गं, त्या गोष्टीची, असं मी स्वतःला सांगायचे. पण बाजारात तुझ्याबरोबर जायची वेळ आली की मी दहा पावलं पुढं चालायचे, आणि तू मागून म्हणायचीस, "पळू नको, तुझी चप्पल दिसत न्हाई मला." मी थांबायचे, पण वळून पाहायचे नाही.

नांदेडला तुला मीच नेलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिथं होस्टेलवर, सुट्टीत घरी आले आणि बापूंपाशी हट्ट धरला की आत्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचंच. लातूर बसस्टँडवर गाडी बदलली, तुला खिडकीशी बसवलं. अहमदपूर मागं पडलं तशी तू माझा हात धरलास. अजूनही तो हात मला तसाच कळतो, घट्ट धरलेला आणि तरी थरथरणारा. म्हणालीस, "आज डॉक्टरला सांगून टाकू. पाळीचं. मला वाटायलं ह्या समद्याचं मूळ एकच हाय. पाय, डोळे, अन् हे. मला सांगणं व्हायचं न्हाई, जीभ अडकती अन् लाज बी वाटती. तू सांग. तू शिकलेली हायेस." सातवी शिकलेल्या बाईनं डाळ निवडता निवडता एवढं ओळखलं होतं. मी म्हणाले, सांगते की, त्यात काय.

दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते, चांगले होते. त्यांनी तुला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, तुझं बोट गालावर गेलं. त्यांच्यामागं डॉक्टरकी शिकणारी सहा-सात मुलं वही घेऊन उभी. त्यांतला एक आपल्या मुरुडचा, औषधाच्या दुकानवाल्याचा मुलगा. त्यानं मला ओळखलं, हसला. डॉक्टरांनी वर न पाहता विचारलं, "पाळी?" तू मान वाकडी केलीस आणि माझ्याकडं पाहिलंस. मी त्या मुलाकडं पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं संध्याकाळचा मुरुडचा चौक आला, औषधाच्या दुकानापुढं बसलेली माणसं आली. मी म्हणाले, "येते. वेळेवर येते."

डॉक्टरांनी ते लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांची काय चूक, मी सांगितलं ते त्यांनी लिहिलं. नसांचा अशक्तपणा म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं वेगळी चिठ्ठी दिली. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, यांनी पाय पाहिले. दोन्हीला जोडणारी तिसरी गोष्ट मी गिळून बसले होते. बसस्टँडवर तुला चहा घेऊन दिला, अर्धा कप, म्हणजे सांडायला नको. परतीच्या गाडीत लोहा मागं पडलं. मग विचारलंस, "तुला माझी लाज वाटली व्हय?"

"न्हाई गं."

"वाटली तर वाटली म्हन. मला बी वाटती की."

मी खिडकीबाहेर सोयाबीन पाहत राहिले. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, पुन्हा दवाखान्यात जाऊ म्हणालीही नाहीस. मी काढू शकले असते. एकटी जाऊन त्या डॉक्टरांना सांगू शकले असते, होस्टेलपासून दवाखाना चालत पंधरा मिनिटांवर होता, आणि तिथं मी आणखी दीड वर्ष होते. परीक्षा झाली की जाऊ, प्रॅक्टिकल झालं की जाऊ असं करत राहिले. पुढं आजी गेली तरी तू वट्ट्यावर बसायची ती बसतच राहिलीस. आई म्हणायची, आता कशाला वन्सं? तू म्हणायचीस, असू दे, पाठीला बरं वाटतं. त्या वेळी तुझी पाठ खरंच दुखत होती, आत्या, आणि का दुखत होती हे मला माहीत असायला हवं होतं.

न्हाणीच्या पायरीवरून पडलीस. पायरी ती केवढी, वीतभर उंच. खुबा मोडला. लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि म्हणाले, "वय किती म्हणालात? एकोणचाळीस? ही हाडं सत्तरीच्या बाईची दिसतात." बापूंना वाटलं, खाण्यापिण्यात कमी पडलं. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. बाईच्या हाडांना बळ कुठून येतं, पाळी आणणारी संप्रेरकं अंगात नसली तर काय होतं, हे धडाच्या धडा मला पाठ होतं. मी त्यांना तसंच वाटू दिलं. अडीच महिने तू अंथरुणावर होतीस, शेवटी छाती भरली. कॉलेजातून रजा काढून मी तुझं सगळं केलं, आणि तेराव्याला आलेली बाई अन् बाई म्हणाली, भाचीनं लेकीसारखं केलं. मी ते ऐकून घेतलं.

तुझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला मला दिली तेव्हा अक्षता टाकायला तू होतीस. मामाची मुलगी करायची आपल्यात रीतच आहे, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. हे माणूस म्हणून फार चांगले आहेत. पण मी दरवर्षी बारावीच्या पोरांपुढं फळ्यावर चार घरांचा चौकोन काढते. आईकडचा एक लपलेला दोष, बापाकडचा तोच लपलेला दोष, दोघं अगदी धडधाकट, आणि चौथ्या घरात दोन्ही दोष एकत्र आले की तो उघडा पडतो. हमखास येणारा प्रश्न म्हणून पोरांकडून घोटून घेते. त्या घरांत आपलं घर मांडून पाहावं असं कधी सुचलं नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. मुलगी पोटात होती तेव्हा एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतं, आणि ते पान फाडून टाकलं.

चौदाव्या वर्षी मुलगी पुस्तकाकडं मान वाकडी करून पाहायला लागली. बॅडमिंटनचं फूल रॅकेटला लागेना. जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागली. मला पहिल्या दिवशीच तू दिसलीस. मी तिला चष्मा करून आणला, मग दुसरा चष्मा. पंधरावं लागलं, पाळी नाही. सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या बहिणीनंच, विचारलं, "अजून न्हाई का गं तिला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आली की, मागच्याच महिन्यात." त्यांना केवढा आनंद झाला. लगोलग ओटी भरली, पुरणपोळी केली, मुलीला हिरवा खण घेतला. मुलगी पाटावर खाली मान घालून बसलेली. त्या दिवसापासून मी दर महिन्याला किराणा सामानात पॅडचं पाकीट आणते आणि सासूबाईंना दिसेल असं कपाटावर ठेवते. मुलीला सांगितलं, चार दिवस देवघरात जात जाऊ नको, आज्जीला तसं वाटू दे. ती म्हणाली, "मम्मी, हे नाटक कशासाठी?" मी म्हणाले, तुझ्यासाठीच. सोळाची पुरी झाली नाही आणि मी तिला बघायला येणाऱ्यांचा विचार करत होते. आजीला तरी शाळा माहीत नव्हती. मी एम.एस्सी. आहे.

मागच्या महिन्यात ती क्लासच्या जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी तिला चालताना पाहिलं आणि इथंच लातूरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. तरुण आहे बाई, शांत आहे. तिनं सगळं विचारलं, चालवून पाहिलं, डोळ्यांचे कागद पाहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पाळी नियमित?"

"येते," मी म्हणाले. पुढचा शब्दही तयार होता.

"नाही, डॉक्टर," मुलगी म्हणाली. "मला कधीच आली नाही. मम्मी सगळ्यांना तसं सांगते."

डॉक्टरीणबाईनं आपली खुर्ची मुलीकडं वळवली, आणि पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. अर्ध्या तासानं मला एकच विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? तेव्हा मी तुझं सांगितलं. पाय, डोळे, थरथरणारा हात, कोऱ्या कापडांचं गाठोडं, वट्टा, सगळं. ती कागदावर आपल्या घराचं झाड काढत होती, माणसाला चौकोन, बाईला गोल. तुझा गोल तिनं पेनानं पूर्ण काळा केला, मग माझ्या मुलीचा. माझा आणि ह्यांचा अर्धा-अर्धा. रक्त मोठ्या शहरात पाठवलं, काल अहवाल आला. नाव लांबलचक आहे, दोन परक्या आडनावांची जोडी. फार थोड्या घरांत आढळतं म्हणे. डोळे आणि तोल यांवर औषध नाही, सांभाळत राहायचं. पण संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, त्या वेळेत सुरू केल्या तर अंग भरतं, पाळी येते, हाडं पक्की होतात. मुलीनं डॉक्टरला विचारलं, "त्या आत्याआज्जीला ह्या मिळाल्या असत्या तर?" डॉक्टरनं सरळ सांगितलं, "हाडं टिकली असती." ह्या गोळ्या काही नव्या नाहीत म्हणाली, फार पूर्वीपासून मिळतात. नांदेडलाही त्या वेळी मिळत असणार.

तुला सगळं सांगायचं म्हणून बसले तर एवढं तरी पूर्ण सांगते. डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो त्या पहिल्या संध्याकाळी हे त्यांच्या दुकानातून आले. सासूबाई सोफ्यावर, मुलगी त्यांच्या शेजारी. आता घरात लपवून चालणार नव्हतं, म्हणून मी सांगितलं की तिला पाळी आलेलीच नाही, डॉक्टरांना तसं सांगितलं आहे. सासूबाई रडायला लागल्या, पदरानं डोळे पुसत माझ्याकडं पाहत राहिल्या. ह्यांनी विचारलं, "डॉक्टरांना कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "मी."

हे म्हणाले, "बरं केलंस. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." मुलगी तिथंच होती. तिनं सगळं ऐकलं आणि उठून पाणी प्यायला गेली. त्यालाही आता महिना होत आला, तिनं ते कुणापाशी काढलेलं नाही आणि मीही खरं काय ते सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, आत्या, कारण तू कुणाला सांगायची नाहीस.